कारण स्पष्ट लिहा

"चिठ्ठी भरा आधी."

हे वाक्य माझंच. सव्वीस वर्षं शाळेच्या कचेरीत बसून, दिवसातून निदान चाळीस वेळा मी ते बोलले आहे. पण आज सकाळी ते बाहेरून ऐकलं, माझ्याच खिडकीतून, आणि तेही मलाच उद्देशून. झालं होतं एवढंच की कचेरीच्या दाराचं कुलूप बिघडलं होतं. धाकटी, म्हणजे माझ्या हाताखालची कारकून, माझ्याआधी आत गेली, दार तिच्या मागे लागलं आणि माझी किल्ली नुसती गोल फिरत राहिली. म्हणून मी व्हरांड्यातून वळसा घालून खिडकीशी आले. तिला हाक मारायची तर काचेला खाली जो अर्धगोल कापलाय, त्यातूनच मारावी लागते, आणि तो माझ्या कमरेच्या जरा वर येतो. मी वाकले. छाती गुडघ्याकडे, मान वर, असं काहीतरी भलतंच वाकले, आणि तोंड उघडणार तेवढ्यात धाकटी मान खाली घालूनच म्हणाली, चिठ्ठी भरा आधी. आवाज तिचा, पण शब्द ठेचायची पद्धत माझी. 'आधी'वर जोर द्यायचा आणि पेन थांबवायचं नाही, हे तिला मीच शिकवलं होतं. "अगं, मी आहे," म्हटलं, तर तिनं वर पाहिलं आणि बिचारी एवढी घाबरली की पेन खाली पडलं. "बाई, तुम्ही! मला वाटलं, कुणी पालक आहे." मला राग यायला हवा होता, आणि आलाही, पण कुणाचा ते चटकन कळेना. कंबर धरली होती. समोर काचेवर माझ्याच सुबक अक्षरातला कागद होता: 'कारण स्पष्ट लिहा. नुसते "काम आहे" चालणार नाही.' खाली दोन रेघा. दुसरी रेघ मी नंतर मारली होती, एका वैतागलेल्या दुपारी.

शिपाई सुताराला आणायला गेला. धाकटी आत कोंडलेली, मी बाहेर. जाऊन जाऊन जाणार कुठे, पालकांच्या बाकावर बसले. हा बाक मी सव्वीस वर्षं पाहिलाय, त्यावर बसले मात्र कधी नव्हते. बसल्यावर कळलं की त्याचा पुढचा उजवा पाय आखूड आहे, आणि नऊनंतर तिथं थेट ऊन येतं. आज ऊन नव्हतं, कारण बाकासमोर व्हरांड्याच्या खांबांना काल संध्याकाळी कापडी फलक बांधला होता. पुढच्या आठवड्यात वरून पाहुणे येणार आहेत, शाळेत पालकांचं स्वागत कसं होतं ते बघायला. ते काम शाळेच्या पालक-समितीकडे आहे. समितीची चिटणीस मी आहे. फलकावरचा मजकूरही माझा: 'पालकहो, या! ही शाळा तुमचीच आहे.' पण फलकाचं तोंड रस्त्याकडे. बाकावरून तो पाठीमागून दिसतो, अक्षरं उलटी. ज्याचं स्वागत करायचं त्याला आत येऊन बसल्यावर उलट्या अक्षरांकडे बघत बसावं लागतं, हे समितीतल्या सात जणांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं. कसं येणार? सातांतलं कुणी बाकावर बसलेलंच नव्हतं. माझ्या टेबलावर, आत, टंकून तयार अहवाल पडला होता. 'शाळेत पालकांसाठी आपुलकीचे वातावरण आहे' हे त्यातलं पहिलं वाक्य. ते लिहिताना माझा हात जराही अडखळला नव्हता. मी नाकासमोर चालणारी बाई, आणि नाकासमोर तर कायम काचच होती.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक बाई बसली होती. तिशीची असेल. हातांची कातडी पांढरट पडून सुरकुतलेली, नखं अगदी मुळाशी कापलेली. तिनं मला ओळखलं नाही. खिडकीतून माझा अर्धाच चेहरा दिसतो, आणि तो बहुधा खाली वाकलेला असतो. तिला वाटलं, मीही कुणाची तरी आईच, नाहीतर आजी. मला धीर द्यावा अशा सुरात म्हणाली, "तुम्ही पहिल्यांदाच आलात वाटतं?" मी म्हटलं, "हो." खोटं नव्हतं. "मग सांगून ठेवते. चिठ्ठीवर काम आहे असं लिहू नका, परत येते. मी पहिल्या दिवशी लिहिलं, परत. दुसऱ्या दिवशी मुलीचं काम आहे असं लिहिलं, तर आतल्या बाई म्हणाल्या, कसलं काम, स्पष्ट लिहा. तिसऱ्या दिवशी काय लिहावं ते सुचेचना, घंटा होईस्तोवर इथंच बसून राहिले. आज चौथा दिवस." मी विचारलं, "पण काम काय होतं तुमचं?" ती हसली. राग नव्हता त्या हसण्यात, आणि तेच लागलं मला. "तेच तर! बोलावणं शाळेनंच धाडलंय हो. मुलीच्या वहीत लिहून आलं, पालकांनी भेटावे. आता का बोलावलंय ते त्यांना ठाऊक. मला कुठनं ठाऊक असणार? आणि कारण विचारतात मलाच!"

गेली सोळा-सतरा वर्षं तो रकाना मी राखत होते. आधी चिठ्ठीवर नुसतं नाव आणि वर्ग असायचा. कारणाचा रकाना मी घातला, आणि त्या वर्षी मोठ्या बाईंनी, म्हणजे तेव्हाच्या मुख्याध्यापिकांनी, सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं, की आता वेळ वाचेल. वाचला. माणसंच कमी यायला लागली, तर वेळ वाचणारच. आपण बोलावलेल्या माणसालाच आपण 'का आलात' म्हणून विचारतो, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. एकदाही नाही, असं म्हणते, आणि तेवढ्यात ते आठवतं, जे आठवू नये म्हणून मी बहुतेक त्या काचेआड जाऊन बसले.

माझे वडील काचा बसवायचे. घरांच्या, दुकानांच्या, कुठल्याही. पाठीला लाकडी चौकट, तिच्यात उभ्या काचा, खिशात काच कापायची हिरकणी आणि पुट्टीचा गोळा. मी अकरा वर्षांची असताना माझ्या शाळेतून त्यांना बोलावणं आलं. कशाबद्दल ते आज आठवत नाही, काहीतरी क्षुल्लक असणार. त्या दिवशी ते कामावर गेले नाहीत. अंघोळ करून, भांग पाडून, धुतलेला सदरा घालून आले, आणि तिथल्या खिडकीशी वाकले. मला वर्गातून बोलावून आत, कारकुनाच्या टेबलाशेजारी उभं केलं होतं. म्हणजे मी आतून पाहिलं. काचेपलीकडे वडिलांचा चेहरा नव्हताच, होता तो भांग, पाण्यानं चापून बसवलेला, आणि मध्ये विरळ झालेली जागा, जी मला तोवर कधी दिसलीच नव्हती. त्यांनी कागद भरला. बराच वेळ लागला. कारकुनानं तो घेतला, वाचला आणि मोठ्यानं म्हणाला, "कारण: मुलगी! अहो, मुलगी हे काय कारण झालं?" कचेरी हसली. आणि मीही हसले. इथं खोटं बोलण्यात अर्थ नाही, मी त्या सगळ्यांपेक्षा थोडी जास्तच मोठ्यानं हसले, म्हणजे मी त्यांच्यातली आहे हे त्यांना कळावं. वडिलांनी माझ्याकडे पाहिलं नाही. अंगठ्यानं काचेची कड दाबून पाहिली आणि म्हणाले, "इथली पुट्टी सुटलीय साहेब, काच कधीतरी पडेल कुणाच्या हातावर. उद्या येऊन बसवून देतो. पैशांचं काही नाही." आणि दुसऱ्या दिवशी खरंच आले, बाहेर उभं राहून पुट्टी भरून गेले. घरी मला एवढंच विचारलं, "हसू आलं का गं तुला?" मी म्हटलं, "नाही." "आलं असलं तर आलं," ते म्हणाले. "हसण्यासारखंच लिहिलं असेल मी." त्यावर मी गप्प राहिले. ते गप्प राहणं मी पुढं त्यांच्या आजारपणातही मोडलं नाही, आणि मग ते गेलेच.

त्यांनी काय चुकीचं लिहिलं होतं? दुसरं कुठलं कारण होतं त्यांच्याकडे तिथं यायला?

"तुम्हाला बरं नाही का?" शेजारची बाई विचारत होती. मी म्हटलं, "बरं आहे. मुलगी कितवीत आहे तुमची?" तिनं वर्ग सांगितला, तुकडी सांगितली, मुलीचं नावही सांगितलं. ती तुकडी आणि ते नाव मी ओळखलं. आमच्याकडे हजेरीसारखीच एक पालकभेटीची वही आहे. बोलावणं गेल्यावर जो भेटला त्याच्यापुढे 'भेटले', जो भेटला नाही त्याच्यापुढे 'आले नाहीत'. चिठ्ठी मान्य झाली नाही म्हणजे माणूस आलाच नाही, असा आमचा हिशोब. बाकावर बसून परत गेलेला वहीत कुठेच नसतो. या मुलीच्या नावापुढे तीन वेळा 'आले नाहीत' होतं. माझ्या हातचं. तीनदा पालक फिरकले नाहीत की प्रकरण याच समितीपुढे, आणि समितीत नाव कमी करायचं ठरलं की मुलीच्या हातात शाळा सोडल्याचा दाखला. समिती आज अकराला होती. विषयपत्रिकाही मीच टंकली होती, विषय चौथा.

"शाळेला उशीर होतो तिला रोज, त्यावरून असेल कदाचित," बाई आपली बोलत होती. "मी हॉटेलच्या धुलाईखान्यात आहे, सहाला कामावर लागते. धाकट्याला पाळणाघरात तीच सोडते, आणि पाळणाघर उघडतं आठला. शाळा पावणेआठची. मग पळत येते पोरगी. एवढं सांगितलं तर समजून घेतील ना? माणसंच आहेत की तीही." मी घड्याळ पाहिलं. दहा वाजून पाच मिनिटं. एवढंच सांगायचं होतं तिला. एक वाक्य. ते एक वाक्य चार दिवस बाकावर बसून होतं, आणि पलीकडे मी, त्याच्यापासून चार हातांवर, वळणदार अक्षरात लिहीत होते की ते आलंच नाही.

तेवढ्यात सुतार आला. दार पाहून म्हणाला, "कुलूप आतून अडकलंय. तोडण्यापेक्षा असं करू, दार बाहेर उघडणारं आहे, बिजागऱ्या बाहेरच्या अंगाला आहेत. पिना ठोकून काढतो, दार उचलून बाजूला ठेवतो. कुलूप नीट झालं की पुन्हा चढवू." तीन पिना. तिसरी जरा रुसली, तिला त्यानं तेल पाजलं. मग त्यानं आणि शिपायानं मिळून दार उचललं आणि भिंतीला टेकवलं. धाकटी बाहेर धावत आली आणि घटाघटा पाणी प्यायली. मी दाराच्या जागेकडे बघत राहिले. कचेरी माझीच, पण अशी मी कधी पाहिली नव्हती: कोपऱ्यात चार खुर्च्या एकावर एक रचलेल्या, पंखा, पाण्याचं भांडं, भिंतीवर घड्याळ. चार खुर्च्या! सव्वीस वर्षं पालक त्या मोडक्या बाकावर उन्हात, आणि खुर्च्या आत एकमेकींच्या मांडीवर बसलेल्या. सुतार पेटी उघडून कुलपाकडे वळला तशी मी म्हटलं, "राहू द्या."

"काय राहू द्या?"

"दार. नको बसवायला."

"बाई, मला कुलपाचं सांगितलंय."

"कुलूप करा तुम्ही, पैसे घ्या. दार राहील इथंच भिंतीला. आणि तुमच्याकडे करवत आहे ना? त्या बाकाचा पाय आखूड आहे, त्याला खाली ठोकळा लावून द्या."

सुतारानं शिपायाकडे पाहिलं, शिपायानं आभाळाकडे. म्हातारीचं डोकं फिरलं, असं दोघांच्याही चेहऱ्यावर लिहिलेलं होतं, आणि तिथं कारण मात्र कुणी विचारलं नाही. मी आत गेले. वरची खुर्ची काढली, पदरानं पुसली आणि माझ्या टेबलासमोर ठेवली. समोर, खिडकीपलीकडे नव्हे. मग बाहेर येऊन त्या बाईला म्हटलं, "चला, आत या." तिनं माझ्याकडे, मग मी आत नुकत्याच गळ्यात घातलेल्या ओळखपत्राकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा बदलला. मगाचचं सगळं बोलणं तिनं मनातल्या मनात परत चाळलं असणार, कुठे जास्त तर बोलले नाही ना म्हणून. "मी चिठ्ठी अजून भरली नाही," ती म्हणाली. "आतल्या बाई मीच," मी म्हटलं. "तुमची चिठ्ठी दोनदा मीच परत पाठवली. चुकलं माझं. आता या." उभी राहिली, पण दाराशी येऊन थबकली, आणि दार नव्हतं तरी किंचित वाकून आत आली. ते वाकणं मला सहन झालं नाही. "ताठ या हो," मी जरा जोरातच म्हटलं, आणि ती दचकली. प्रेमानं बोलायची सवय नसली की प्रेमसुद्धा खेकसूनच बाहेर पडतं.

वही काढली. तिन्ही 'आले नाहीत' एका रेघेनं खोडले. खोडलेलं वाचता यावं अशी रेघ, झाकपाक नाही. प्रत्येकापुढे लिहिलं: 'आल्या होत्या. आम्ही आत घेतले नाही.' खाली सही, तारीख. धाकटी खांद्यावरून बघत होती. "बाई, वही तपासायला जाते वर," ती हळूच म्हणाली. "म्हणून तर शाईनं लिहिलं," मी म्हटलं. मला निवृत्त व्हायला दोन वर्षं आहेत. सव्वीस वर्षांत एक ठपका नाही, आणि ते मी मिरवतही आले. ठपका नसायला काय लागतं? काचेमागे बसायचं आणि मान वर करायची नाही, बस्स.

अकराला मी वही घेतली, त्या बाईला घेतलं आणि समितीत गेले. चिटणीस या नात्यानं मी असतेच, पण कोपऱ्यात, टिपणं घ्यायला. आज मधल्या खुर्चीवर तिला बसवलं आणि म्हटलं, "विषय चौथा आधी घेऊ. पालक आल्या आहेत. यापूर्वीही तीनदा आल्या होत्या." मोठ्या बाई, म्हणजे आत्ताच्या मुख्याध्यापिका, वही वाचत होत्या. वाईट नाहीत त्या. दमलेल्या असतात, आणि दमलेल्या माणसाला बंद दार बरं वाटतं. "हे तुम्ही काय लिहून ठेवलंय?" त्या म्हणाल्या. "पुढच्या आठवड्यात पाहुणे येणार, आणि वहीत हे?" मी म्हटलं, "पाहुणे हेच बघायला येणार आहेत ना, पालकांचं काय होतं ते?" कुणीतरी खोकलं. मग त्या बाईनं तिचं एक वाक्य सांगितलं, पाळणाघराचं. घाबरत सांगितलं, पण सांगितलं. अर्धं मिनिट लागलं असेल. पहिल्या तासाच्या शिक्षकांनी, जे उशिराची नोंद करत होते, कानाची पाळी चोळली आणि म्हणाले, "मला वाटलं, पोरगी रेंगाळते. तिनं कधी सांगितलं नाही." आई म्हणाली, "तुम्ही कधी विचारलं होतं का, सर?" भांडण नव्हतं त्यात, खरंच विचारत होती. नाव कमी करायचं रद्द झालं. पाळणाघर शाळेच्या भिंतीला लागूनच होतं. अर्धा तास लवकर उघडा म्हणून शाळेनंच पत्र द्यायचं ठरलं, तोवर उशीर माफ. सगळं मिळून सात मिनिटं. मी टिपणात वेळही लिहिली.

तिला फाटकापर्यंत सोडायला गेले. फलकाखालून बाहेर पडल्यावर तिनं मागे वळून तो वाचला, आणि माझ्याकडे बघून तोंडाला पदर लावला. हसली की काय, नक्की सांगता येणार नाही. हसली असेल तर तिचा हक्कच होता. परत आले तर मोठ्या बाई कचेरीच्या दार नसलेल्या उंबऱ्यात उभ्या होत्या, आणि सुतार पेटी आवरून दोघींच्या तोंडाकडे बघत होता. बाकाच्या पायाला मात्र ठोकळा लागला होता. "दार आत्ताच्या आत्ता बसवा," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "नाही बसवणार." हे मी म्हटलं! हात पाठीमागे बांधले. "उद्या उठून कुणीही आत शिरेल." "शिरू दे. खुर्च्या चार आहेत. पाचवा आला तर मी उठेन." "कागदपत्रं आहेत इथं." "कपाटाला कुलूप आहे. माणसांना लावायचं राहू द्या." ओरडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. "लेखी खुलासा द्या," त्या म्हणाल्या. "वहीचाही आणि दाराचाही. वर पाठवावा लागेल. आणि..." काचेवरच्या कागदाकडे त्यांची नजर गेली, "कारण स्पष्ट लिहा." एवढं बोलून त्या गेल्या. सुतार माझ्याकडे वळला. "मग दार?" मी म्हटलं, "भिंतीला टेकून बरं दिसतंय."

मी टेबलाशी बसले. आधी कोरा ताव घेतला. वर 'महोदया' लिहिलं, आणि पुढं सव्वीस वर्षांची भाषा आपोआप यायला लागली: सविनय, सदर, उपरोक्त. तो ताव चुरगळून टाकला. मग खिडकीशी गेले, आतून नव्हे, व्हरांड्यातून बाहेरून. काचेवरचा माझा कागद नखानं सोलून काढला. काढताना काचेची कड अंगठ्याला लागली. पुट्टी सुटली होती. किती वर्षं सुटलेली असेल कोण जाणे, आतून ते दिसत नाही. अर्धगोलाशी चिठ्ठ्यांचा गठ्ठा होता, दोरीला बांधलेलं पेन होतं. वाकले. कंबरेनं सकाळसारखीच तक्रार केली, पण ही शेवटची खेप म्हणून मी तिचं ऐकलं नाही. वरची चिठ्ठी ओढली, नाव लिहिलं, तारीख लिहिली. कारणाच्या रकान्यात एक शब्द लिहिला, वळणदार, खाली दोन रेघा मारून, आणि चिठ्ठी आत सरकवली.

धाकटीनं ती उचलली, वाचली, उलटी करून मागे काही आहे का तेही पाहिलं.

"कारण: वडील," ती म्हणाली. हसली नाही. "बाई, एवढंच?"

"एवढंच. वरच्यांना कळलं नाही तर म्हणावं, येऊन विचारा. दार उघडं आहे."